शैक्षणिक कर्ज व पदवीधरांचे उत्पन्न

उच्च शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी घेतलेले व शिक्षण पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या उत्पन्नातून फेडावयाचे ऋण म्हणजे शैक्षणिक कर्ज. घर, जमीन किंवा यंत्र यांसाठी काढलेल्या कर्जात विकत घेतलेली वस्तूच तारण म्हणून धनकोच्या हाती राहते. पदवी मात्र गहाण ठेवता येत नाही, विकता येत नाही आणि परतही करता येत नाही. त्यामुळे पदवीमुळे भावी उत्पन्नात किती भर पडेल व ती केव्हा पडू लागेल, या अंदाजावरच अशा कर्जाचे शहाणपण ठरते. वैद्यक, अभियांत्रिकी अशा व्यवसायशिक्षणाच्या बाबतीत हा अंदाज काहीसा सोपा असतो. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांत तो अवघड होतो, कारण त्या पदव्यांना ठरावीक असा एकच व्यवसाय जोडलेला नसतो. प्रस्तुत नोंदीत इंग्रजी विषयातील बी. ए. पदवीचा, विशेषतः उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांच्या संदर्भात, या दृष्टीने विचार केला आहे.

शिक्षण ही भांडवल-गुंतवणूक आहे, हा विचार जुना असला, तरी त्याला रीतसर आर्थिक सिद्धांताचे रूप टी. डब्ल्यू. शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये दिलेल्या अध्यक्षीय व्याख्यानाने व गॅरी बेकर यांच्या मानवी भांडवल या विषयावरील १९६४ च्या ग्रंथाने दिले. या मांडणीप्रमाणे शिक्षणाचा परिव्यय दोन प्रकारचा असतो. पहिला उघड : शुल्क, पुस्तके, वसतिगृह, प्रवास इत्यादी. दुसरा झाकलेला : शिकण्याच्या काळात विद्यार्थी जी कमाई करू शकला असता आणि जी त्याने सोडून दिली, ते त्यक्त उत्पन्न. या दोहोंच्या बेरजेशी पदवीमुळे आयुष्यभर मिळणाऱ्या जादा उत्पन्नाचे वर्तमान मूल्य ताडून पाहिले, की शिक्षणाचा प्रतिफल दर निघतो [→ मानवी भांडवल]. बँक कर्ज देते ते फक्त उघड खर्चापुरते. त्यक्त उत्पन्नाचा बोजा कुटुंबाने मुकाट्याने सोसावयाचा असतो आणि गरीब घरात बहुतेक वेळा तोच जड असतो.

परिव्ययाचा हिशेब : एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. बारावीनंतर लगेच कामाला लागलेल्या तरुणाला दरमहा रु. १२,००० मिळतात, असे समजू. म्हणजे वर्षाला रु. १,४४,००० चे उत्पन्न विद्यार्थी सोडतो. घराजवळच्या अनुदानित महाविद्यालयातील शुल्क, पुस्तके व प्रवास मिळून वर्षाला रु. १६,००० धरल्यास एकूण परिव्यय वर्षाला रु. १,६०,००० होतो, त्यात उघड खर्चाचा वाटा केवळ एक दशांश आहे. द. सा. द. शे. १० व्याजाने तीन वर्षांच्या अखेरीस या परिव्ययाचे मूल्य सुमारे रु. ५,३०,००० भरते. पुढील ३५ वर्षांच्या नोकरीत ते भरून यावयाचे, तर पदवीधराला बिगर-पदवीधरापेक्षा दरमहा सुमारे रु. ४,५८० अधिक मिळाले पाहिजेत. आता याच विद्यार्थ्याला खरी नोकरी लागण्यापूर्वी आणखी दोन वर्षे लागली, मग ती बी. एड्. साठी असोत वा नुसत्या प्रतीक्षेची असोत, तर पाच वर्षांअखेर परिव्यय रु. ९,७७,००० च्या आसपास जातो आणि आवश्यक मासिक आधिक्य सुमारे रु. ८,५१० होते. शुल्कात एक रुपयाचीही वाढ न होता केवळ दोन वर्षांच्या विलंबाने पदवीची किंमत जवळजवळ दुप्पट होते. साहित्याच्या पदवीबाबतचा वाद सामान्यतः पगाराच्या आकड्यांवर चालतो. वस्तुतः तो पदवी आणि पहिला पगार यांमधील अंतरावर चालावयास हवा.

अशा हिशेबात दोन सावधगिऱ्या बाळगाव्या लागतात. पदवीधरांचे सरासरी उत्पन्न इतरांपेक्षा अधिक असते, एवढ्यावरून ती सर्व वाढ पदवीने घडविली असे ठरत नाही. घरची परिस्थिती, शाळेचे माध्यम व अंगची हुशारी यांचाही त्यात वाटा असतो. दुसरे असे, की सरासरी ही ऋणकोच्या उपयोगाची नसते. कर्जाचा हप्ता प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊन प्राध्यापक झालेल्याला जेवढा, तेवढाच तासिका तत्त्वावर राबणाऱ्यालाही असतो. म्हणून कर्ज काढताना पाहावयाचे ते त्या पदवीच्या यशस्वी धारकांकडे नव्हे, तर उत्पन्नाच्या खालच्या पायरीवर राहिलेल्यांकडे.

ऐतिहासिक पूर्वपीठिका : महाराष्ट्रात इंग्रजी शिक्षणाच्या आरंभकाळी त्याचा खर्च कर्जापेक्षा आश्रयावर चाले. कोकणातून मुंबई-पुण्यास गेलेले विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत किंवा नातलगांच्या बिऱ्हाडी राहत. हुशार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्यांचा आधार मिळे. रायगड किल्ल्याजवळील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले व संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री व विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. म्हणजे पतपुरवठा आणि उच्च शिक्षण या दोन्ही खात्यांची सूत्रे याच जिल्ह्यातील एका व्यक्तीच्या हाती येऊन गेली.

काही संस्थाने सेवाबंधनाच्या अटीवर मदत देत. बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी शिष्यवृत्ती दिली, तीत परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजूही झाले. परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना आणि कचेरीतही अवहेलना सोसावी लागली, तेव्हा ती नोकरी त्यांना सोडावी लागली. शिक्षणाची फेड ऋणकोच्या लायकीवर जितकी, तितकीच समाज त्याला काम करू देतो की नाही यावरही अवलंबून असते, ही गोष्ट मानवी भांडवलाच्या सूत्रांत सहसा दिसत नाही.

प्रत्यक्ष कर्जाऊ शिष्यवृत्तीचा भारतातील पहिला मोठा प्रयोग म्हणजे जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेला जे. एन्. टाटा उच्च शिक्षण निधी. दिलेली रक्कम परत यावी व तीतून पुढच्या विद्यार्थ्याला मदत व्हावी, अशी त्याची योजना होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे एक लाभार्थी लक्षणीय आहेत. के. आर्. नारायणन् हे त्रावणकोर विद्यापीठाचे इंग्रजी साहित्यातील एम्. ए. होते, काही काळ वृत्तपत्रांत काम करून १९४५ मध्ये ते या निधीच्या साहाय्याने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि पुढे भारताचे राष्ट्रपती झाले (१९९७–२००२). अर्थात असे एकट-दुकट उदाहरण हिशेबाला आधार म्हणून घेता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना सुरू केली. ती बिनव्याजी होती आणि तीत एक विचारपूर्वक ठेवलेली तरतूद होती : कर्ज घेतलेला विद्यार्थी शिक्षकी पेशात गेल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा एक दशांश भाग माफ होई. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) शिष्यवृत्त्यांना पूरक म्हणून कर्जाऊ शिष्यवृत्त्यांची शिफारस केली होती. परंतु वसुली समाधानकारक होत नव्हती आणि ती योजना कालांतराने बंद पडली. इंग्रजीसारख्या विषयाच्या पदवीधरांना, ज्यांचा मोठा भाग अध्यापनाकडे वळतो, तिच्याइतकी अनुरूप योजना त्यानंतर झाली नाही.

बँकांची योजना : आजचे शैक्षणिक कर्ज हे २००१ मध्ये भारतीय बँक संघाने तयार केलेल्या आदर्श योजनेवर आधारलेले आहे. तिच्यात वेळोवेळी बदल झाले. चार लाखांपर्यंतच्या कर्जास ऋणकोला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. केंद्राच्या पत-हमी निधीमुळे २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय व त्रयस्थ जामिनाशिवाय देता येते. मात्र आई-वडिलांपैकी एक जण सहकर्जदार असावा लागतो. अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष वसुली तहकूब असते आणि पुढे १५ वर्षांपर्यंत हप्ते बांधून मिळतात. तहकुबीच्या काळात सरळ व्याजाची आकारणी चालूच राहते व न भरलेले व्याज अखेर मुद्दलात मिळविले जाते. पुष्कळ कुटुंबांची समजूत याविषयी चुकीची असते. वसुली थांबली म्हणजे व्याजही थांबले, असे त्यांना वाटते.

तीन वर्षांत तीन समान भागांत, प्रत्येक वर्षारंभी, एकूण रु. ४ लाख उचलले आणि व्याज द. सा. द. शे. १० असले, तर चौथ्या वर्षाअखेर सरळ व्याज रु. १,२०,००० होते व फेडावयाची रक्कम रु. ५,२०,००० वर जाते. तिचा दहा वर्षांच्या मुदतीचा मासिक हप्ता सुमारे रु. ६,८७० आणि एकूण फेड सव्वाआठ लाखांच्या आसपास. मुदत १५ वर्षे केल्यास हप्ता सुमारे रु. ५,५९० वर उतरतो. परंतु एकूण फेड दहा लाखांच्या वर जाते.

हा हप्ता कोणत्या उत्पन्नातून द्यावयाचा, हे पाहिल्यावाचून त्याचे वजन कळत नाही. महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार रु. ३८,६०० पासून सुरू होते. वरील हप्ता त्याच्या १८ टक्क्यांहून कमी आहे व तो सोसण्यासारखा आहे. परंतु २००० साली सुरू झालेल्या शिक्षण सेवक पद्धतीनुसार पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी मिळत नाही, मानधन मिळते. २०२३ मध्ये ते वाढवून प्राथमिकसाठी रु. १६,०००, माध्यमिकसाठी रु. १८,००० व उच्च माध्यमिकसाठी रु. २०,००० करण्यात आले. रु. १८,००० तून रु. ६,८७० गेले, की मानधनाचा ३८ टक्के भाग संपतो. कर्जाची रचना आणि नोकरीची रचना या दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांत ठरतात. एकीची तहकुबी संपते त्याच सुमारास दुसरीची उमेदवारी सुरू होते.

व्याजाच्या बाबतीत साहित्याचा विद्यार्थी आणखी एका ठिकाणी मागे राहतो. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्राने २००९ मध्ये सुरू केलेली तहकुबीच्या काळातील व्याज-अनुदानाची योजना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे, इंग्रजीची बी. ए. तीत बसत नाही. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत अभ्यासक्रमाचे असे बंधन नाही व आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट आहे. परंतु तेथे संस्थांची निवड राष्ट्रीय क्रमवारीवरून होते आणि तालुक्याच्या गावचे संलग्न महाविद्यालय अशा यादीत क्वचितच येते. प्राप्तिकर कायद्यानुसार जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत मिळणारी व्याजाची वजावट ही कर भरण्याइतके उत्पन्न असणाऱ्यालाच उपयोगी. मानधनावरील शिक्षकास ती असून नसल्यासारखी.

रायगड किनारा : पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे १ जानेवारी १९८१ रोजी रायगड असे नामांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० व साक्षरता ८३ टक्क्यांच्या आसपास होती. किनाऱ्यावरील तालुक्यांत महाविद्यालये निघाली ती मुख्यतः १९६० नंतर; आज पनवेल, उरण, पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथे मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. अनुदानित कला महाविद्यालयातील शुल्क काही हजार रुपयांच्या घरात असते आणि मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती वा शुल्क-सवलत मिळते. अशा विद्यार्थ्याला केवळ शुल्कासाठी कर्ज काढण्याचे कारण पडत नाही. कर्जाचा प्रश्न उद्भवतो तो गाव सोडून मुंबईत राहावयाचे ठरले, खाजगी विद्यापीठ निवडले किंवा परदेशी जावयाचे झाले, म्हणजे.

यामुळे एकाच विद्यापीठाच्या एकाच पदवीची किंमत किनाऱ्यावर गावागणिक बदलते. खारकोपर–उरण हा लोहमार्ग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून उरणचा विद्यार्थी घरी राहून नवी मुंबईतील किंवा मुंबईतील महाविद्यालयात जाऊ शकतो. पनवेलला तर ही सोय पूर्वीपासून आहे. अलिबागेहून गेटवेला मांडवामार्गे तासाभराचा जलप्रवास असला, तरी तो रोजच्या विद्यार्थ्याला परवडणारा नाही आणि पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद असतात; अभ्यासक्रमाचे पहिले सत्र नेमके त्याच महिन्यांत येते. मुरूड, म्हसळे किंवा श्रीवर्धन येथून मुंबईस शिकणे म्हणजे खोली, खानावळ व सणावारी एस. टी. चे भाडे, उरणकराच्या पासाच्या जागी येथे लाखांचा आकडा येतो. पदवीपत्रावर मात्र या फरकाची कोठे खूण नसते.

त्यक्त उत्पन्नाचेही तसेच. कोळीवाड्यातील मुलगा नौकेवर खलाशी म्हणून गेला, तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी सोडून त्याला हंगामभर रोख मिळकत होते. त्याला शिकविणे म्हणजे एक मिळवता हात सोडणे. मुलीच्या बाबतीत बाजारात मासळी विकण्याचे, ती सुकविण्याचे व घरातले काम कोणी पैशात मोजत नाही, म्हणून तिचे त्यक्त उत्पन्न कागदावर शून्य ठरते. गावातील महाविद्यालयात मुलींना पाठविणे घरच्यांना स्वस्त वाटते, यामागे हेही एक कारण असावे. ते काम प्रत्यक्षात तिची आई किंवा धाकटी बहीण करीत असते.

तारणाची स्थिती किनाऱ्यावर सर्वत्र सारखी नाही. उरण-पनवेल भागात नवी मुंबई व न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी गेल्या आणि १९८४ च्या शेतकरी आंदोलनानंतर पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. ज्या कुटुंबांना असा भूखंड मिळाला त्यांच्यापाशी बँकेला चालेल असे तारण आहे. दक्षिणेकडे नारळी-पोफळीची वाडी असली, तरी सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावे अनेक आणि त्यातले निम्मे मुंबईत. अशी मिळकत गहाण ठेवणे जवळजवळ अशक्य असते. येथे कर्जामागे उभे असते ते वाडीचे वार्षिक उत्पन्न. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागांतील हजारो सुपारीची व नारळाची झाडे एका दुपारी मोडून पडली. नव्या पोफळीला फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे पदवीचा अभ्यासक्रम व तहकुबी दोन्ही संपून जातील एवढा काळ. त्याच वर्षी साथीच्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टपर्यंतचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिले. मुलाच्या पदवीसाठी सही केलेल्या बापाचे उत्पन्न बुडाले, तरी सहकर्जदार या नात्याने त्याची जबाबदारी कायम राहते आणि हप्ते थकल्यास दोघांचीही पत जाते.

इंग्रजी विषयाचे स्थान : इंग्रजी येणे आणि इंग्रजी विषयाची पदवी असणे, या दोन गोष्टी नोकरीच्या बाजारात वेगळ्या आहेत, दोहोंची गल्लत हे या पदवीकडे ओढा असण्याचे एक मोठे कारण आहे. बी. ए. च्या अभ्यासक्रमात काव्य, नाटक, कादंबरी, समीक्षा व काही भाषाविज्ञान असते. न्हावा-शेवा बंदराशी निगडित जकात व मालवाहतुकीच्या कचेऱ्या, नवी मुंबईतील दूरध्वनी-सेवा केंद्रे, अलिबाग-काशीदची हॉटेले यांना मात्र हवे असते ते न अडखळता बोलणे व बिनचूक पत्र लिहिणे. या कसोटीला इंग्रजी माध्यमातून आलेला वाणिज्य पदवीधर मराठी शाळेतून आलेल्या साहित्याच्या विद्यार्थ्याला पुष्कळदा मागे टाकतो. तीन वर्षे शेक्सपिअर वाचूनही मुलाखतीत गप्प राहणारा विद्यार्थी हा अभ्यासक्रमाचा दोष आहे, विद्यार्थ्याचा नव्हे. ज्या महाविद्यालयांत लेखन-संभाषणाचा सराव खरोखर करून घेतात, तेथे पदवी व पहिली नोकरी यांतील अंतर कमी होते, आणि वरील हिशेबाप्रमाणे तेच अंतर सर्वांत महाग आहे.

अध्यापन हा या पदवीचा रूढ मार्ग. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सक्तीचे झाले, त्यामुळे मागणी वाढली खरी. पण ती प्राथमिक शाळेत वाढली आणि तेथे बी. ए. पेक्षा अध्यापक पदविकेला महत्त्व होते. माध्यमिक शाळेसाठी बी. एड्. लागते, ते २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. पदवीनंतरच्या एक वर्षाच्या तहकुबीत ते बसत नाही. पुढील शिक्षणासाठी मुदत वाढवून घेण्याचा अर्ज बँकेकडे वेळेवर करावा लागतो व तेवढे व्याज वाढते. २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबविली आणि पुढे २०१७ मध्ये पवित्र या संगणकीय प्रणालीद्वारे ती केंद्रित पद्धतीने करण्याचे ठरविले. मधल्या काळात उत्तीर्ण झालेल्यांची प्रतीक्षा किती लांबली असेल, याची कल्पना येऊ शकते. २०१२ च्या कायद्यान्वये निघालेल्या स्वयंअर्थसाहाय्यित इंग्रजी शाळांत जागा लवकर मिळते, परंतु वेतन बहुधा श्रेणीपेक्षा पुष्कळ कमी असते. महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन रु. ५७,७०० पासून सुरू होते; त्यासाठी एम्. ए. व नेट किंवा सेट ही पात्रता हवी, आणि ती मिळविलेलेही अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवितात. खाजगी शिकवण्या हा किनाऱ्यावरील गावोगावचा खरा आधार. त्यांचे उत्पन्न कोणत्याही आकडेवारीत नीट येत नाही.

त्यक्त उत्पन्न वाचविण्याचा एक मार्ग म्हणजे बहिःस्थ किंवा दूरशिक्षण. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले व १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी करीत बी. ए. होणाऱ्याचा परिव्यय जवळजवळ उघड खर्चापुरताच राहतो आणि तो पगारातून भागतो. प्रतिफल दराच्या सूत्रात ही पदवी सर्वांत वरचढ ठरते. मात्र वर्गातील चर्चा, ग्रंथालय व बोलण्याचा सराव यांस असा विद्यार्थी मुकतो.

परदेशांतील पद्धती : फेडीचा संबंध मुदतीशी न जोडता उत्पन्नाशी जोडावा, ही कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली आणि ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये ती देशव्यापी स्वरूपात अमलात आणली. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांना वार्षिक २५,००० पौंडांवरील उत्पन्नाच्या ९ टक्के भरावे लागतात व ४० वर्षांनी बाकी माफ होते. ३०,००० पौंड मिळविणाऱ्याची वार्षिक फेड ४५० पौंड, आणि उत्पन्न मर्यादेखाली गेले तर शून्य. तेथील वित्तीय अध्ययन संस्थेच्या २०२० च्या पाहणीनुसार सुमारे पाचांपैकी एक पदवीधर विद्यापीठात गेला नसता, तर आर्थिक दृष्ट्या अधिक सुस्थितीत राहिला असता. अमेरिकेत १९५८ व १९६५ च्या कायद्यांनी वाढत गेलेले विद्यार्थी-ऋण दीड लाख कोटी डॉलरांच्या पलीकडे गेले आहे. उत्पन्नाधारित फेडीसाठी प्रत्येकाचे उत्पन्न करखात्याला ठाऊक असावे लागते. शिकवण्या, वाडी व होडी यांवर चालणाऱ्या घरांत ते ठाऊक नसते; त्यामुळे ही पद्धत भारतात जशीच्या तशी आणणे कठीण आहे. सेवेच्या वर्षांमागे कर्जमाफी देणारी १९६३ ची तरतूद मात्र शाळेच्या हजेरीपटावरून चालविता येण्यासारखी होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीला चौथे, सन्मान वर्ष जोडले गेले असून तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. वर काढलेल्या रीतीने चार वर्षांसाठी आवश्यक मासिक आधिक्य सुमारे रु. ६,४४० होते. चार वर्षांच्या पदवीनंतर बी. एड्. एका वर्षाचे असावे, असे धोरणात सुचविले आहे. तसे झाल्यास शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याची एकूण वर्षे पाचच राहतील. अन्य नोकरीत जाऊ इच्छिणाऱ्याला चौथे वर्ष हे एका वर्षाचे त्यक्त उत्पन्न व, बाहेरगावी राहत असल्यास, तेवढे अधिक कर्ज होय.